सोमवारपासून चर्च उघडणार, आजीला न्यायचं का?

(कुटुंबाचा ग्रुप, शनिवार, १४ नोव्हेंबर २०२०)

काका (नंदाखाल): बातम्या बघितल्या का सगळ्यांनी? परवा पाडव्यापासून मंदिरं, मशिदी, चर्च उघडायला सरकारची परवानगी. मार्चपासून बंद होतं सगळं. आजीला सांगितलं, तिने लगेच पेटीतलं लाल लुगडं काढून उन्हाला टाकलं.

आत्या (निर्मळ): देवाची कृपा! पण भाऊ, आईला सांगायची एवढी घाई कशाला केलीस? ६५ वरच्यांनी घरीच थांबावं असं नियमात आहे. तिला ८१ झाली, वर साखर.

काका: नियम मीही वाचले. पण तिचंही ऐक. ती म्हणते, "आबांच्या मातीला वीस माणसं, महिन्याची मिस्सा (चर्चमधली प्रार्थनासभा) फोनवर. त्यांच्या नावाने चर्चमध्ये एक मेणबत्ती लावली नाही मी." काय सांगू तिला?

दादा (दोहा): विमानं बंद होती, मी तर मातीसुद्धा फोनवरच बघितली. तिला अडवा असं माझ्याने म्हणवत नाही, काका.

काकी: आपली माती म्हणजे अख्खा गाव गोळा होतो. त्या दिवशी शेजारची माणसं कुंपणाबाहेर लांब लांब उभी होती, कोणी आत येईना. आठवलं की अजून पोटात कालवतं.

ताई: ड्युटीवरून आत्ता आले, म्हणून उशिरा लिहितेय. काका, आजीला रविवारी नेऊ नका. २२ तारखेला ख्रिस्तराजाचा सण, सगळे त्याच दिवशी येणार. वॉर्डात मी रोज बघते, साखर असलेलं म्हातारं माणूस दोन दिवसांत कसं खाली येतं ते. मधल्या वारी सकाळच्या मिस्सेला माणसं थोडी असतात. फादरांना विचारून तेव्हा न्या, दाराजवळच्या बाकावर बसवा, मास्क काढू देऊ नका. आबांची मेणबत्ती लावून घरी.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चर्च उघडलं म्हणून रात्रीची फोनवरची रोझरी (माळ जपत म्हणायची प्रार्थना) बंद करू नका. एप्रिलमध्ये सुरू केली तेव्हा काय गोंधळ व्हायचा! प्रत्येक घराचा आवाज मागेपुढे, एकाची 'नमो मारिया' संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. मग ठरलं, एका घराने म्हणायचं, एकानेच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून म्हणायचं. स्मार्टफोन नसलेल्यांना साधा कॉल जोडायचा. त्या साध्या कॉलवर कोण असतं माहीत आहे ना? पलीकडच्या आळीतल्या मावशी. कंबर मोडल्यापासून त्या खाटेवर आहेत, कोरोनाच्या कितीतरी आधीपासून. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊन यायचे, तेवढंच त्यांचं चर्च. त्यांचा लॉकडाऊन मार्चमध्ये सुरू झाला नाही आणि सोमवारी संपणारही नाही. आपण घरात अडकलो तेव्हा कुठे त्या रोज आपल्यात आल्या. आता आपण बाकावर जाऊन बसायचं आणि त्यांचा फोन वाजायचा थांबायचा, हे मला सहन होणार नाही.

आत्या: खरंय बाय. मला सुचलं नव्हतं हे.

काकी: मावशी साडेसातलाच फोन जवळ घेऊन बसतात, त्यांची सून सांगत होती. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या) आपण वाडीतली झावळी तोडून क्रूस विणले, तेव्हा त्यांच्याही दाराला एक लावला होता. अजून आहे तिथे.

काका: बरं. पण एक बोलू? फोनवरची मिस्सा म्हणजे चर्च नव्हे. कम्युनियनच्या वेळी आपण नुसती आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना म्हणतो, तेव्हा आजी डोळे पुसते. इतके महिने मी बघतोय. त्या गोष्टीला पर्याय नाही.

ताई: नाहीच, काका. म्हणून तर आजीला न्या म्हणतेय, फक्त गर्दीत नको. आणि मावशींकडे पुन्हा कम्युनियन घेऊन येणं कधी जमेल, हेही फादरांना विचारा.

दादा: दोहाहून मीही रोझरीला असतोच. तिथे संध्याकाळचे साडेपाच होतात, कामावरून निघताना कानात लावतो. बंद करू नका, प्लीज.

काका: ठरलं तर. रोझरी रात्री आठला, रोज. या आठवड्याचे फोन काकी जोडेल, पुढच्या आठवड्यात आत्या. मी सोमवारी फादरांना भेटून दोन्ही गोष्टी विचारतो, रविवारची फोनवरची मिस्सा चालू ठेवणार का तेही.

आत्या: आईला आता कोण सांगणार?

काका: तूच सांग, तुझं ऐकते ती. मी फोन तिच्याकडे दिला, लाव.