ब्रेडमशीनच्या झाकणाआड : आपले अनुभव सांगा

काल ओट्याखालचा खण आवरताना कोपऱ्यात ब्रेडमशीनचे, म्हणजे पीठ मळण्यापासून ब्रेड भाजण्यापर्यंत सगळे एकाच भांड्यात करणाऱ्या यंत्राचे, मळायचे पाते सापडले. त्याच्या भोकात भिजवलेल्या पिठाचा एक कण वाळून खडा होऊन बसला होता, आणि तो पाहताच बारा वर्षांपूर्वीचा माझा पहिला ब्रेड आठवला. यंत्र घरी आले त्याच रात्री मी कपाने पीठ दाबून दाबून मोजले, पाणी मात्र पुस्तिकेत सांगितले तेवढेच घातले आणि ताज्या ब्रेडच्या वासाने जाग येईल या भरवशावर टायमर लावून झोपलो. सकाळी भांड्यातून निघाली ती चार बोटे उंचीची वीट. वडिलांनी ती टेबलावर एकदा आपटली, आवाज नीट ऐकला आणि काही न बोलता वर्तमानपत्रात डोके घातले.

दोष कपाचा होता, हे फार उशिरा उमगले. हलक्या हाताने भरलेल्या कपात साधारण १२० ग्रॅम पीठ बसते, दाबून भरले तर तेच १५० ग्रॅमच्या पुढे जाते, आणि चार कपांत शंभरेक ग्रॅम पीठ जास्त पडल्यावर बिचाऱ्या यीस्टने तरी काय करावे! तेव्हापासून मी भांडे थेट वजनकाट्यावर ठेवतो : ५०० ग्रॅम मैदा, ३२० ग्रॅम पाणी, ९ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. आपलेही फसलेले आणि जमलेले प्रयोग खाली प्रतिसादांत जरूर लिहावेत.

उंबरठा : वजनकाटा हवाच, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झाकण. ते मध्येच उघडू नये असे मला कुणीतरी बजावले होते आणि दोन वर्षे मी ते निमूटपणे पाळले. ती सूचना खरे तर पीठ फुगताना आणि ब्रेड भाजला जात असताना लागू आहे. पीठ मळले जात असताना झाकण उघडल्याने काहीही बिघडत नाही. मळणे सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी मी डोकावतो. भांड्याच्या कडा सोडून पात्याभोवती फिरणारा, बोट लावल्यास किंचित चिकटणारा गुळगुळीत गोळा दिसला की निर्धास्त व्हावे. गोळा खडबडीत असेल आणि यंत्र धापा टाकत असेल तर एक चमचा पाणी घालावे. तळाशी चिखल पसरला असेल तर मोठा चमचाभर पीठ घालावे. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून पुन्हा पाहावे, कारण घातलेले पाणी पिठात जिरायला वेळ लागतो. आमच्या हातून नेहमी घाईच होते.

तिसरा प्रहर : मी एकदा मीठ विसरले. ब्रेड इतका फुगला की झाकणाच्या काचेला जाऊन टेकला. घरातल्या सगळ्यांना बोलावून मी तो दाखवला आणि भाजणे सुरू होताच तो मधोमध खचला. मीठ यीस्टला आवर घालते आणि ग्लुटेनला, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या चिवट प्रथिनाला, बळ देते, हे वाचून माहीत होते. पण तो खळगा पाहिल्यावर कायमचे लक्षात राहिले. चव तर विचारूच नये.

खटपटे : मीठ मोजून घालूनही ब्रेड खचत असेल तर यीस्ट किंवा पाणी जास्त झाले आहे का ते पाहावे. उन्हाळ्यात मी थंड पाणी वापरतो, कारण मळताना घर्षणानेही पीठ तापते आणि ते वेळेआधीच फुगून बसते.

तळटीप : पूर्ण गव्हाच्या पिठाविषयी कुणीच लिहिले नाही! मैद्याच्या मापाने पाणी घालून मी कित्येक ब्रेड वाया घालवले. कोंडा पाणी भरपूर पितो, शिवाय त्याचे कण ग्लुटेनचे धागे तोडतात. आता ५०० ग्रॅम पिठाला सुमारे ३६० ग्रॅम पाणी घेते, दोन्ही कालवून अर्धा तास तसेच ठेवते आणि मगच मीठ, यीस्ट घालून यंत्र सुरू करते. मैद्याइतका उंच ब्रेड होत नाही, पण काप करताना त्याचा चुरा होत नाही.

रात्रपाळी : टायमर लावायचा असेल तर पाणी तळाशी, त्यावर पीठ आणि पिठात खळगा करून यीस्ट सर्वांत वर, म्हणजे ते पाण्यापासून दूर राहते. काही यंत्रांत हा क्रम उलटा असतो, तेव्हा पुस्तिका पाहावी. रात्रभर थांबणाऱ्या मिश्रणात दूध किंवा अंडे मात्र घालू नये.

उंबरठा : @रात्रपाळी, टायमर लावला की दहाव्या मिनिटाला झाकण कोण उघडणार?

रात्रपाळी : नावातच उत्तर आहे. गंमत सोडा, ज्या पिठाचे माप डोळ्यांदेखत चार वेळा जमले आहे, त्यालाच मी टायमर लावतो.

तळटीप : पाते ब्रेडच्या पोटात राहते, त्यावर काही उपाय आहे का? माझी सुरी दर वेळी त्यावर अडते.

खटपटे : शेवटच्या फुगण्याआधी यंत्र पीठ एकदा दाबून खाली बसवते. त्यानंतर लगेच ओल्या हाताने गोळा उचलून पाते काढून घ्यावे आणि गोळा परत ठेवावा. तळाला, पाते ज्यावर बसते त्या दांड्यापुरतेच भोक उरते.

जुनी वही : मळण्यावरून एक सांगावेसे वाटते. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ मध्ये घरगुती ब्रेडमशीन बाजारात आणले, त्याआधीच्या नमुन्यांत ब्रेडची साल करपत होती आणि आतला भाग कच्चा राहत होता. तेव्हा कंपनीच्या सॉफ्टवेअर विकसक इकुको तनाका यांनी ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकाऊ म्हणून काम केले. तो पीठ नुसते मळत नाही, पिळून ताणतो, हे त्यांनी तिथे टिपले आणि तसा ताण मिळावा म्हणून भांड्याच्या आत उभ्या कडा बसवण्यात आल्या. उंबरठा यांचा गोळा ‘गुळगुळीत’ होतो तो अशा ओढाताणीतूनच.

तिसरा प्रहर : भाजून झाल्यावर ब्रेड भांड्यातच राहिला तर वाफेने साल ओली पडते, म्हणून मी तो लगेच जाळीवर काढते. तासभर कापायचा नाही, हा नियम आमच्या घरात फक्त मीच पाळते.

धागाकर्ता : सर्वांचे आभार. दहाव्या मिनिटाला आज झाकण उघडले, तर वजन करूनही गोळा कोरडाच होता. दोन चमचे पाणी लागले. तेवढ्याने ब्रेड भांड्याच्या काठापर्यंत आला. खणातले पाते मात्र जुन्या यंत्राचे निघाले, नव्या दांड्यावर ते बसत नाही. तरी ते सकाळपासून कोमट पाण्यात घालून ठेवले आहे. भोकातला तो कण अजून निघालेला नाही.