नवेगावचा तलाव माणसांनी बांधलाय

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा तलाव निसर्गानंच दिला, असं एकांनी लिहिलंय. तसं नाही, नावातच 'बांध' आहे! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. भोवती डोंगर होतेच, मधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीनं, म्हणजे बांधानं, बुजवून पाणी अडवलं. भंडारा-गोंदियाकडचे कितीतरी जुने मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) ताब्यातले तलाव, या कोहळी समाजाच्याच हातचे. इथलं राष्ट्रीय उद्यान झालं १९७५ मध्ये, म्हणजे तलाव त्याच्या कितीतरी आधीचा.

वाघाच्या नादात लोक इथली हिवाळ्यातली पहाट हुकवतात, याचं फार वाईट वाटतं. धुकं असताना पाळीवर गप उभे राहा. आधी नुसता कलकलाट ऐकू येतो, मग पाण्यावरची काळी रेघ हलते आणि कळतं, ही तर बदकं!

आणि मार्च-एप्रिलमध्ये आलात तर मोहाच्या झाडाखाली बघा. रात्री अस्वल फुलं खाऊन गेलेलं असतं, उरलेली वेचायला उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन येतात. माझी आजी झाडाजवळ पोचायच्या आधीच मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागायची, अस्वलाला निघून जायला वेळ मिळावा म्हणून.