मेळघाटात फिरायला जाताना शाळेसाठी पुस्तकं न्यायची आहेत

रानवाट: जानेवारीत चौघे चिखलदरा-सेमाडोहला जातोय. वाटेतल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेला पुस्तकं द्यायची आहेत. कोणती, किती?

फळा_खडू: ४० पुरेत, पण पहिली-दुसरीची जास्त घ्या. पोरांच्या घरी कोरकू बोलतात. मराठीशी तिचं नातंच नाही. म्हणून पानावर मोठं चित्र आणि खाली एक-दोन ओळीच हव्यात. घरातली जुनी रद्दी, गाईडं, जाड बोधकथा नकोत. आधी मुख्याध्यापकांना फोन करा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, त्यामुळे पट निम्मा असू शकतो.

रानवाट: मुलांच्या हातात एकेक दिलं तर?

फळा_खडू: नको. ज्याला मिळत नाही तो रडतो, आणि पुढच्या गाडीमागे सगळे धावतात. शाळेलाच द्या.

दोरी_चिमटा: शाळेला दिली की नोंद डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत होते. हरवलं तर जबाब कोण देणार, म्हणून कपाटाला कुलूप! सोबत चिठ्ठी द्या: 'वाचून फाटली तरी हरकत नाही.' नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे चिमटेही न्या. तीनेक फुटांवर दोरी बांधून पुस्तकं चिमट्यांनी टांगली की पहिलीतल्या पोराचाही हात पोचतो. पावसाळ्यात पुस्तकांच्या पिना गंजून मधलं पान सुटतं. आधीच घडीवर जाड दोऱ्याचे तीन टाके घाला.

फळा_खडू: आणि वाटपाचे फोटो नकोत. त्या वेळात एक गोष्ट वाचून दाखवा, कोरकू शब्द मुलांनाच विचारा.