डेव्ह ॲलनसारखं बसून सांगायचंय: तालमीत मधेच थंड पडतंय

रंकाळा_कट्टा: शाहू स्मारकला ४० मिनिटांचा एकपात्री कार्यक्रम आहे. नमुना आयरिश विनोदवीर डेव्ह ॲलनचा: उंच स्टूल, ग्लास, संथ बोलणं. पहिली दहा मिनिटं चालतात, पुढं हशाच येत नाही. काय चुकतंय?

विंगेतला: संथपणा नंतरचा, आधी वाक्यं बघा. ॲलनचा हशा शेवटच्या शब्दावर फुटतो. १९९० च्या बीबीसी मालिकेतला किस्सा घ्या: जन्मभर घड्याळाच्या तालावर राबायचं आणि निवृत्तीला भेट काय, तर घड्याळ! (त्यातल्या शिवीवरून पार्लमेंटात प्रश्न निघाला, ते वेगळं.) मराठीत क्रियापद शेवटी येतं, तेच हशा गिळतं. ‘आत सासरे बसले होते’ म्हटलं की ‘बसले होते’ संपेपर्यंत हशा अडकतो. ‘आत कोण? सासरे.’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य; पूर्ण विझू देऊ नका.

दुसरं, टीव्हीवर त्याच्या दोन किश्श्यांच्या मधे नाटुकली असायची. ती वगळून नुसतं बसणं उचललंत, तर दहाव्या मिनिटाला थंड पडणारच. दर आठ-दहा मिनिटांनी उठा किंवा लाईट बदला. भुताची गोष्ट सांगताना तो उजेड उतरवायचा. डिमर १०-१५ सेकंदात हळू खाली आणा, झटक्यात नको.

साउंडवाला_कोप: स्टूल साधारण ७५ सेंमी उंच, पाय टेकायला दांडी असलेलं. फिरतं नको, बोलता बोलता माणूस माइकपासून वळतो. वेताचं तर अजिबात नको, करकरतं. ॲलनच्या ग्लासात व्हिस्की नसून जिंजर एल (आल्याचं बिनदारूचं पेय) असायचं. तुम्ही कोरा चहा गार करून घ्या. बर्फ घालू नका, कॉलर माइकवर खणखणतो. सिगारेट विसरा: बंद सभागृहात २००३ च्या कायद्यानं बंदी, आणि त्यानंही पुढं सोडलीच होती.

रंकाळा_कट्टा: भारी! शेवट ‘अंबाबाई तुमचं भलं करो’ असा करू का?

विंगेतला: नको भावा. ॲलन स्वतः नास्तिक. रात्रभर चर्चची टर उडवून शेवटी म्हणायचा, तुमचा देव तुमच्याबरोबर असो. सगळी मेख ‘तुमचा’ या शब्दात आहे. देवाचं नाव घातलंत की ती गेली.