सीटीएक्सचे दोन अहवाल, ६१२ आणि ०.४८: गोळी लागू पडते आहे का?

मी सोलापूरची, वय ६४, निवृत्त शिक्षिका. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गेले असताना होम मैदानापाशी पाय घसरून पडले आणि उजवे मनगट मोडले. त्यानंतर केलेल्या डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.९ आला; उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, समजतात, हे तेव्हाच कळले. फेब्रुवारीअखेर हाडांच्या झिजेचा अंदाज देणारे रक्तातील सीटीएक्स तपासले आणि मार्चपासून दर रविवारी ही झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली.

सप्टेंबरमध्ये तीच तपासणी पुन्हा झाली. आधी ६१२ होते, आता ०.४८, म्हणून मी आनंदाने बहिणीला फोन करून हाडांची झीज थांबल्याचे सांगूनही टाकले. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा पहिल्या आकड्यापुढे पिकोग्रॅम आणि दुसऱ्यापुढे नॅनोग्रॅम लिहिलेले दिसले; म्हणजे ०.४८ हे प्रत्यक्षात ४८०. आयुष्यभर मुलांकडून एककांची रूपांतरे घोटवून घेतली आणि स्वतःच्या अहवालात मात्र फसले!

माझ्या समजुतीप्रमाणे जुने हाड मोडताना त्यातील कोलॅजनचे जे तुकडे रक्तात उतरतात ते सीटीएक्स, आणि नवे हाड बांधताना जे सुटतात ते पी-वन-एनपी. मग सहा महिन्यांत जेमतेम २२ टक्के घट म्हणजे औषध लागू पडत नाही, असे समजायचे का? काही तपशील मुद्दाम देते. पहिले रक्त सकाळी सात वाजता उपाशीपोटी घरी येऊन नेले होते; दुसऱ्या वेळी भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन साडेअकराला गेले, कारण खिडकीवर ‘उपाशी असायची गरज नाही’ असे सांगण्यात आले. केसांसाठी मुलीने आणलेली बायोटिनची गोळीही मी रोज घेते. रविवारची गोळी पाण्याबरोबर घेते, मात्र दहा मिनिटांत चहा लागतोच. डॉक्टरांची पुढची वेळ दोन आठवड्यांनी आहे. तोवर नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सुचवावे.

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षे प्रयोगशाळेत काम केले आहे. निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा. सीटीएक्स पहाटे सर्वाधिक असते आणि खाल्ल्यावर उतरते, त्यामुळे त्यासाठी रक्त सकाळी उपाशीपोटीच द्यावे लागते. हाड मोडल्यावर ते कित्येक महिने वाढलेले राहते, म्हणून तुमचा पहिला आकडा मुळात चढा असू शकतो. बायोटिनमुळे काही यंत्रांवर सीटीएक्स खोटेच कमी दिसते. गंमत म्हणजे या तिन्ही गोष्टी घट फुगवून दाखवणाऱ्या आहेत. खरी घट २२ टक्क्यांहूनही कमी असण्याची शक्यता आहे. अलेंड्रोनेट नीट शोषले गेले तर साधारण तीन महिन्यांत सीटीएक्स निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली यायला हवे. म्हणून माझा पहिला संशय तुमच्या चहावर आहे. ही गोळी एरवीही फार थोडी शोषली जाते आणि कॉफी किंवा संत्र्याच्या रसासोबत घेतल्यास तेवढ्यातलेही सुमारे ६० टक्के वाया जाते. ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी, नंतर निदान अर्धा तास काहीही खाऊ-पिऊ नये आणि आडवेही होऊ नये. कॅल्शियमची गोळी असल्यास तीही नंतरच. पी-वन-एनपीवर जेवणाचा फारसा परिणाम होत नाही, तेव्हा पुढच्या वेळी तेही सोबत करावे का, हे अवश्य विचारा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. चहाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. कॅल्शियमची गोळीही मी त्याच चहाबरोबर घेत होते. या रविवारी सहाला गोळी घेतली, पावणेसातपर्यंत तुळशीपाशी उभी राहिले आणि मगच चहा ठेवला. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घेतले. हे डॉक्टरांना सांगून, तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत, सकाळी सातला उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावे का, असे विचारणार आहे. एक शंका उरते: त्या तपासणीआधी बायोटिन किती दिवस बंद ठेवावे लागते?