सोलापूरच्या पोरांना समुद्र कशाला?

माळावरची

काल इथं एका पालकांनी लिहिलं, "प्राणिशास्त्राच्या पोरांना सागरी जीवशास्त्राचा कोर्स म्हणून चार दिवस कोकणात नेतात, माणशी सात हजार. सोलापुरात ना समुद्र, ना त्यातली नोकरी. ही पिकनिक आहे. पाणीच बघायचं तर उजनी धरण आहे की." वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या कपाटात तारामाशाची एक बरणी होती. फॉर्मेलिन पिवळं पडलेलं, एक हात तुटून तळाशी बसलेला, चिठ्ठीवरची शाई उडालेली. त्या बरणीकडे बोट दाखवून मी नलिकापाद, म्हणजे त्याचे नळीसारखे बारीक पाय, शिकवायचे. तारामासा, सागरी साळिंदर, सागरी काकडी या कंटकचर्मींच्या अख्ख्या संघात गोड्या पाण्यात राहणारी एकही जात नाही. उजनी तळापर्यंत उपसली तरी एक तारामासा सापडायचा नाही.

मग एका वर्षी रत्नागिरीकडच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलो. मोहोळकडची एक मुलगी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी, खळग्यात गुडघ्यावर बसली होती. दगडाखाली रुपयाच्या नाण्याएवढा तारामासा होता. पाण्यातच तो उलटा झाला. एका हाताचं टोक वळलं, बारीक पारदर्शक पाय दगड चाचपू लागले, चिकटले आणि सगळा जीव हळूहळू सुलटा झाला. ती ओरडली, "मॅडम, ह्याच्यात पाणी भरतंय म्हणून पाय हलतात!" मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेली आकृती तिला एका मिनिटात कळली होती. दगड होता तसा परत ठेवायलाही तिनंच इतरांना सांगितलं.

ही कल्पना काही आजची नाही. अंतोन डोर्न यांनी १८७२ मध्ये नेपल्सला सागरी संशोधन केंद्र उभं केलं आणि तिथली कामाची टेबलं दूरदूरच्या विद्यापीठांना भाड्यानं दिली. किनारा नसलेल्या गावांतले अभ्यासक तिथं जाऊन राहायचे, कारण समुद्र त्यांच्या गावी येणार नव्हता.

पेठेतला बाप

ताई, काल लिहिणारा मीच. तुमची मोहोळची पोर खरी असेल, पण माझं ऐका. मी टॉवेलच्या कारखान्यात मुकादम आहे. थोरलीला दोन वर्षांपूर्वी पाठवलं, महाविद्यालयाचं नाव घेत नाही. पौर्णिमेचा दिवस, रात्रभर बस, अकरा वाजता किनाऱ्यावर. खडक सगळे पाण्याखाली! सर म्हणाले, उद्या बघू. मग होडीतून किल्ल्याला चक्कर, दुपारी मासळीचं ताट, संध्याकाळी बाजार. दुसऱ्या दिवशीही तेच. तोंडात नळी घालून पाण्यात फोटो काढायचे पैसे वेगळे. परत आल्यावर वीस पानांचा अहवाल, सगळ्या वर्गाचा एकच, नेटवरून उतरवलेला. सगळ्यांना अव्वल श्रेणी. माझ्या पोरीनं समुद्रातला एक जीव हातभर अंतरावरून पाहिला नाही. ह्याला अभ्यास म्हणायचं?

माळावरची

नाही, ह्याला अभ्यास म्हणता येणार नाही. तुमची चीड रास्त आहे, ते कबूल करते. पण चूक समुद्राची नव्हे, वेळापत्रकाची.

कोकणात शेंबडं पोरही सांगेल की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. तुमची बस बरोबर भरतीच्या डोक्यावर पोचली. तिथून सहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास, उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात मागे नेणारी, ओहोटी लागली असणार. खडक उघडे पडले तेव्हा मुलं बाजारात होती. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला जायला हवं. तिथी दोन-तीन, म्हणून भरती रात्री दीड ते सव्वादोनला, म्हणजे सकाळी पावणेआठ-साडेआठला पाणी पार मागे गेलेलं. ऊन नाही, दोन-अडीच तास काम होतं. दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तास पुढे सरकते, त्याच खडकावर परत जायचं. अष्टमीला गेलात तर भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी, खडक धड उघडतच नाहीत. पंचांग न बघता हॉटेलचं बुकिंग करणाऱ्यानं हा कोर्स घेऊ नये, हे माझंही ठाम मत.

भीमाकाठ

मॅडम, तिथी-बिथी सगळं बरोबर. पण आम्ही उजनीकाठच्या केत्तूरकडचे, धरणात जमीन गेलेली माणसं. आमच्या दारात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात. सोलापूरची महाविद्यालयं कधी येतात? उजनी १९८० ला पुरी झाली, एवढ्या वर्षांत एका प्राध्यापकानं आमच्या होडीत बसून जाळं ओढलेलं मी पाहिलं नाही. कोकणातल्या माशाचं लॅटिन नाव पाठ, आणि आमची चिलापी (तिलापिया मासा) आली कुठून हे माहीत नाही.

सातरस्ता

उजनीचं नाव काढलंच आहे तर बोलतो. ११७ टीएमसीचं धरण आमच्या जिल्ह्यात, आणि शहराला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी. तेही पुणे-पिंपरीची घाण पचवून आलेलं. उन्हाळ्यात साठा उणे गेला की नळाला हिरवट वास येतो. पोरांना आधी ते पाणी तपासायला शिकवा, सागरी संवर्धन मागाहून.

शिरगावचा पदवीधर

मी मत्स्यविज्ञान शिकलो, म्हणून चिलापीवर लिहितो. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते. आपले बरेच गावरान मासे पावसाळ्यात एकदाच अंडी घालतात. उजनीतले गावरान मासे चिलापीनं खाल्ले, आणि मच्छीमार तीच विकत बसले.

भीमाकाठ

विकत बसले म्हणजे? चिलापीवर आमच्या चुली पेटतात साहेब! गावरान मासा चिलापीनं नाही, वडाप जाळ्यांनी संपवला. मच्छरदाणीसारखी जाळी लावून बोटाएवढी पिल्लं उपसतात, ट्रकनं बाहेर जातात. आम्ही किती वेळा तक्रारी केल्या! तेव्हा तुमची पदवी कुठं होती?

शिरगावचा पदवीधर

आवाज चढवू नका. पिल्लं उपसणारे काय परग्रहावरचे आहेत? जाळी तुमच्याच काठावर लागतात.

भीमाकाठ

आमच्या काठावर लागतात, आमची नाहीत. माझे वडील चार बोटं आत जातील एवढ्या आसाचं जाळं विणायचे, लहान मासा सुटून जावा म्हणून. त्यांच्या हातचं एक जाळं अजून आढ्याला टांगलंय. या आणि मोजा.

शिरगावचा पदवीधर

बरं. जाळ्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. बारीक आसाच्या जाळ्यानं कुठलाही मासा टिकत नाही, चिलापीसुद्धा नाही. पण चिलापी निर्दोष आहे, हे मी म्हणणार नाही.

बार्शीची

तुमचं भांडण वाचतेय. माझी सहल २००९ ला हुकली. वडील म्हणाले, पोरीला परगावी रात्री ठेवायचं नाही. वर्गातल्या नऊ मुलींपैकी दोघीच गेल्या, आम्हा सातजणींनी त्यांच्या वह्यांवरून उतरवून घेतलं. परीक्षेत मला त्यांच्यापेक्षा जास्त गुण पडले. समुद्र मी पहिल्यांदा लग्नानंतर पाहिला, सत्ताविसाव्या वर्षी, आणि नवऱ्याला सोडून खडकावर कालवं शोधत फिरले. पेठेतले दादा, धाकटीला अडवू नका. पैशाचं कारण असेल तर ते बोला, पण अडवू नका.

पेठेतला बाप

ताई, मी पोरीला रात्रीपायी अडवणारा बाप नाही. सात हजार म्हणजे माझ्या घरचा किती दिवसांचा किराणा, ते मला माहीत. आणि शिकून नोकरी कुठं?

शिरगावचा पदवीधर

नोकरीची हमी मी देणार नाही. माझ्या वर्गातले काही कोळंबीच्या तलावांवर गेले, काही बँकेत. सागरी संवर्धनात जागा थोड्याच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. पण स्थानिक मच्छीमारांना विश्वासात घेतल्याशिवाय ते कागदावरून पाण्यात उतरणार कसं? हा प्रश्न मुलांनी तिथल्या मच्छीमाराच्या पडवीत बसून ऐकला पाहिजे.

माळावरची

भीमाकाठ दादा, तुमच्याकडे कधी आले नाही, ही माझीही चूक. अकरा वर्षांत एकदाही नाही. पण उजनी आणि समुद्र यांत एकच निवडा, हे मला पटत नाही. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपण समुद्राला जोडलेलेच आहोत, फक्त कोकणाच्या उलट्या बाजूनं. तुमच्याकडे आहेर नावाचा मासा मिळायचा का हो? तो मासा गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो.

भीमाकाठ

आजोबा सांगायचे. हाताएवढा जाड, सापासारखा, भाकरीबरोबर रस्सा. मी स्वतः एकदाही धरला नाही. तो समुद्रात जातो हे मला आज कळलं.

शिरगावचा पदवीधर

आणि त्याची पिल्लं समुद्रातून नदीत वर चढतात. आता वाटेत कृष्णेवरची नागार्जुनसागर, श्रीशैलम ही धरणं, आणि शेवटी आपली उजनी. चढणार कशी?

भीमाकाठ

मग हे पोरांना आमच्या काठावर उभं करून सांगा. पहिला दिवस केत्तूरला ठेवा, मग न्या कोकणात. होडी मी देतो, पैसे नकोत. पहाटे पाचला जाळं काढतो, त्या वेळेला हजर पाहिजेत.

पेठेतला बाप

असं असेल तर धाकटीचं नाव घालतो. पण सरांकडून दोन गोष्टी लेखी घेणार: कोणत्या तिथीला जाणार, आणि ओहोटीच्या वेळी पोरं कुठं असतील. अहवाल तिनं स्वतःच्या अक्षरात लिहायचा. पैसे दोन हप्त्यांत घ्या म्हणावं.

माळावरची

तिथी मी काढून देते. दादा, केत्तूरला पोरांना न्याहारी काय आणायची ते सांगा.

भीमाकाठ

काही आणू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरची आहे. मासा जाळ्यात येईल तो.