नळीत थुंकून वंशवृक्ष उगवत नाही

बाणकोटी:
परवा कुळाच्या व्हॉट्सॲप गटावर अमेरिकेतल्या भाच्याचा निबंध आला. थोडक्यात असा: ‘कुलवृत्तांताचे ठोकळे रद्दीत घाला. नळीत थुंका, पोस्टात टाका, दीड महिन्यात सगळे नातेवाईक पडद्यावर. कागद खोटं बोलतात, डीएनए बोलत नाही.’ खाली चौतीस अंगठे. त्यातल्या निम्म्यांनी मी फॉर्म पाठवला तेव्हा स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखासुद्धा भरून दिल्या नव्हत्या. तिथं उत्तर दिलं तर घरात भांडणं, म्हणून इथं.

नऊ वर्षं मी आमच्या कुलवृत्तांताच्या, म्हणजे कुळाच्या छापील वंशावळीच्या, नव्या आवृत्तीसाठी हिंडलोय. गुहागर, दापोली, बडोदा, इंदूर, सागर. लोकांच्या माळ्यांवर चढून शिंका काढल्यात. त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांच्या हातची मोडी ओळ सापडली, त्या दिवशी जेवलो नाही. (बायको म्हणते दोन वडे खाल्ले होते. असोत.)

भाच्याला काय मिळालं? ‘दक्षिण आशियाई, ९९ टक्के.’ हे आरशात फुकट दिसतं. शिवाय अकराशे ‘नातेवाईक’, एकाचाही वंशावळीशी सांधा जुळेना. जुळणार कसा? त्या साठ्यात बहुतेक युरोपी वंशाचे अमेरिकन. आपल्यातले कोण, तर ज्यांचं कोणी अमेरिकेत एडिसनला नाहीतर फ्रीमाँटला आहे ते. गुहागरचा माझा चुलता कुठल्या नळीत थुंकायला गेलाय?

आणि २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए कंपनीतून जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली ती विसरलात? फोडलेली खाती होती चौदा हजारांच्या आसपास. बाकीचे ‘नातेवाईक शोधा’ या सोयीतून आपोआप हाती लागले. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, साठा विक्रीला निघाला, आणि ३०.५ कोटी डॉलरना संस्थापिकेच्याच नव्या संस्थेनं घेतला. भाच्याची कंपनी दुसरी आहे म्हणे. उद्या तिचं काय? तो थुंकला ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. निम्मं माझ्या बहिणीचं होतं. तिला कोणी विचारलं?

जीवशास्त्र_मास्तर:
निष्कर्ष बरोबर, कारण अर्धंच. नातं मोजतात सेंटिमॉर्गनमध्ये, म्हणजे दोघांत सारखा निघालेला डीएनए किती लांब, त्याचं माप. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण साडेआठशे, त्यांच्या मुलांमुलांत सव्वादोनशे, त्यापुढच्या पिढीत सत्तर-पंचाहत्तर. हे हिशेब आईबाप एकमेकांचे कोणी लागत नाहीत असं धरून. आपण शेकडो वर्षं जातीतच सोयरिकी करतोय. एकाच पूर्वजाचे तुकडे दहा वाटांनी आपल्यात येतात, बेरीज फुगते, आणि यंत्र दहाव्या पिढीतल्या माणसाला तिसऱ्या पिढीत आणून बसवतं. म्हणून बेरीज बघू नका, सगळ्यांत लांब तुकडा बघा. नव्वद सेंटिमॉर्गन दहा ठिकाणी विखुरलेले असतील तर सोडून द्या. चाळीसचा एक सलग असेल तर फोन लावा.

२०१७ च्या एका अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे लोक होते, दक्षिण आशियातले अडीचशेच्या वर गट तपासले. त्यातल्या ८१ गटांचे मूळ पूर्वज इतके मोजके निघाले की फिनलंडवाले आणि अश्कनाझी ज्यू, ज्यांची उदाहरणं मी वर्गात वर्षानुवर्षं देत आलो, तेही मागं पडले.

सोलापुरी_चादर:
मास्तर, जातीचं सोडा, आमच्यात घरातच करतात. मी अमेरिकेत शिकत असताना माझी डीएनएची फाईल जेडमॅच या जुळणीच्या संकेतस्थळावर चढवली होती. तिथं एक सोय आहे, ‘तुमचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का?’ दाबलं बटण. आलं ‘होय’. शेजारी बसलेल्या गोऱ्या रूममेटचा चेहरा असा पडला की जणू माझ्या घरात कोणीतरी गेलंय. म्हटलं, अरे बाबा, आईच्या आत्याच्याच घरात दिलीय तिला, लग्नाच्या पत्रिकेत छापलंय!

उगाच_एक:
ज्यांना काही सापडलं नाही ते रडणारच. माझा वाय क्रोमोसोम, बापाकडून मुलाला येतो तो, आर१ए१ गटाचा आला. पोलंड-युक्रेनमध्ये हाच. आमच्या घरातले घारे डोळे काही उगाच नाहीत.

जीवशास्त्र_मास्तर:
आलं का हे. आर१ए चेंचू आदिवासींतही चांगल्या प्रमाणात सापडलाय. त्यांना तुमच्या वधूवर मेळाव्याचं आमंत्रण गेलं का? दहा पिढ्या मागं गेलात तर १०२४ पूर्वज होतात. वाय त्यातल्या एकाचं सांगतो. बाकी १०२३ जणांचं काय, ते डोळे मिटून बसलेत?

चिंचेचं_झाड:
मास्तर, हाणलंत. पण कुलवृत्तांत तरी किती जणांचं सांगतो? त्याच एका बाप्याचं! माझ्या माहेरच्या ग्रंथात आजोबांच्या नावापुढं तीन मुलगे, नावं, शिक्षण, हुद्दे, आणि शेवटी कंसात ‘मुली २’. त्या दोनांतली एक माझी आत्या. प्राथमिक शिक्षिकेच्या पगारावर तिनं दोन भावांची कॉलेजं केली. ते भाऊ हुद्द्यासकट आत, ती कंसात. डीएनएला निदान मुलगा-मुलगी कळत नाही. अर्धा म्हणजे अर्धा.

बाणकोटी:
ताई, जुन्या आवृत्त्यांचं पाप माझ्या माथी मारू नका. आमच्या नव्या आवृत्तीत मुली, जावई, मुलींची मुलं, सगळं आहे. पानं त्यानंच वाढली, छपाईचा खर्च माझ्या खिशातून गेला.

चिंचेचं_झाड:
आणि सुनांची माहेरची नावं?

बाणकोटी:
जिथं मिळाली तिथं.

चिंचेचं_झाड:
बरं. तुमच्या सख्ख्या पणजीचं माहेरचं नाव सांगा. आडनाव नको, नाव. वही न उघडता.

न्यूजर्सीची_काकू:
ते काय सांगणार. मी सांगते कसं होतं ते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं, मी वाकून वाचलं तर ‘मृणालिनी’. मी सुमन! सासरी सुमन नावाची जाऊ आधीच होती, म्हणून गोंधळ नको. मला कोणी आधी सांगितलंसुद्धा नाही. तो तांदूळ नंतर भात करून खाल्ला असेल कोणीतरी, माझं नाव मात्र पस्तीस वर्षं दोन कागदांवर दोन तऱ्हेचं आहे. पासपोर्टला प्रतिज्ञापत्र, बँकेत प्रतिज्ञापत्र, आईच्या घराच्या वारसनोंदीला पुन्हा प्रतिज्ञापत्र. तलाठ्यानं विचारलं, ‘सुमन मयत आहेत का?’

उगाच_एक:
हौसेनं नाव बदलणाऱ्याही असतात. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायचा म्हणजे कमाल आहे. धागा डीएनएचा आहे ना?

चिंचेचं_झाड:
हौसेनं बदललेलं नाव नवरा लिहितो होय? तुम्ही एकदा ताटात बसा, आम्ही लिहितो. आणि धागा डीएनएचा असताना घारे डोळे कोणी आणले?

सोलापुरी_चादर:
आमच्या आजोळी, कोल्हापूरकडं, हेळवी यायचा, घराण्यांच्या पिढ्या सांगणारा. पूर्वी बैल घेऊन, आता टेम्पोनं. वही उघडली की नऊ पिढ्या घडाघडा म्हणायचा. आजी एकदा धान्याचं सूप पुढं करत म्हणाली, ‘यात मी कुठं हाय?’ तो म्हणाला, ‘आज्जी, तुमी तुमच्या म्हायेरच्या वहीत.’ माहेरच्या वहीतही ती नव्हती हे तिला पक्कं माहीत होतं. सूप अर्धंच रिकामं केलं तिनं.

उगाच_एक:
गोष्टी छान आहेत. विदा (डेटा) शून्य.

न्यूजर्सीची_काकू:
तुझा विदा काय, घारे डोळे?

मोडीवाला:
नावांवरून एवढं भांडताय, पण ती वाचता येतात का कोणाला? वीस वर्षं मोडी शिकवतोय. वर्गात चार डोकी असायची, त्यात दोन निवृत्त. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि एकदम माझा नंबर गावोगावी पोचला. रात्री अकराला कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) पानाचा फोटो येतो, तोही तिरका, वर अंगठ्याची सावली, आणि प्रश्न: ‘सर, हे कुणबीच आहे ना?’ अहो, जे लिहिलंय ते वाचीन, हवंय ते नाही!

आता मुद्द्यावर. दोन वर्षांपूर्वी मॉरिशसहून एक मराठी गृहस्थ आले. पणजोबा मुंबईहून जहाजानं उसाच्या मळ्यांत करारावर गेलेले. त्यांच्या घरात आजही झाकरी नाचतात, आपली जाखडीच ती. डीएनए करून झालं होतं. आले काय, तर मॉरिशसचेच दोनशे लोक! कामाला आला कागद. तिकडं मोका इथं महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे अशा करारी मजुरांची, दप्तरं जपून ठेवलीत, त्यातला उतारा: क्रमांक, बापाचं नाव, जहाज, जिल्हा ‘रुटनाघेरी’, गाव असं काही की उच्चारता येईना. कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं. तीन दिवस नकाशावर तोंडानं गावं म्हणत बसलो आणि संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीपाशी जीभ अडखळली. तिथं त्या आडनावाची चार घरं. एका म्हातारीनं ऐकून सांगितलं, ‘व्हय, एक जण बोटीवर ग्येला तो आलाच नाय.’

बाणकोटी:
मोडीवाले, जियो. हेच सांगतोय मी पहिल्यापासून.

जीवशास्त्र_मास्तर:
घाई करू नका. त्या चार घरांतला एक जण आणि ते गृहस्थ यांची चाचणी करून जुळवली का? एकाच आडनावाची आणि बोटीवर गेलेल्यांची घरं संगमेश्वरात काय कमी आहेत? म्हातारीची ओळ सुंदर आहे, पुरावा नाही.

मोडीवाला:
नाही केली. ते गृहस्थ त्या अंगणातली माती रुमालात बांधत होते. त्या वेळी ‘थांबा, आधी थुंका’ म्हणायचं माझ्यानं झालं नाही. तुम्ही म्हणाला असता, मास्तर.

रेवा_टी:
मी सहसा लिहीत नाही. बाणकोटींचं ‘तिला कोणी विचारलं’ वाचून लिहितेय.

माझ्या भावानं तिकडं दिवाळीच्या सवलतीत किट घेतलं. वर्षभर काही नाही. मग एके दिवशी स्वीडनमधली एक बाई, ८५२ सेंटिमॉर्गन. यंत्र म्हणतं ‘फर्स्ट कझिन’. इंग्रजीत सगळे कझिन. आपल्याला मात्र चुलत, आते, मामे की मावस, हे कळल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ती १९७४ ची, पुण्यातल्या एका संस्थेतून दत्तक गेलेली. कागदावर आईचं नाव नाही. भावाकडं बाबांच्या चुलतभावाची चाचणी होती, त्याच्याशी ती जुळली नाही. म्हणजे आईकडची. आईला भाऊ नाही. एक बहीण.

मावशी आता सत्तरीच्या पुढं. तिच्या मुलांना काही माहीत नाही. आईला तरी होतं की नाही, अजून कळलेलं नाही. आई तिच्याकडं गेली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. आईनं सांगितलं. मावशी निवडतच राहिली, सगळं ताट संपेपर्यंत. मग म्हणाली, ‘केस कुरळे आहेत का गं तिचे?’

यात कुठला कुलवृत्तांत कामाला आला असता?

अनामिक_२:
आमच्याकडं उलट झालं. धाकट्या भावाची आणि माझी जुळणी सावत्र भावंडांइतकीच आली, सतराशेच्या आसपास. बाबा गेलेत. आई आहे, ८१ वर्षांची. भावानं भर जेवणात विचारलं. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही आणि तो घरी येत नाही. शंभर डॉलरची वस्तू. रेवाताई, तुमच्या मावशी ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणून ताट घेऊन आत गेल्या असत्या तर तुम्ही काय केलं असतं? २०२२ च्या दत्तक नियमांत मूळ शोधायची वाट आहे, पण अर्ज ज्याचा त्यानं करायचा, तिऱ्हाइताला परवानगी नाही, आणि आईचा खासगीपणा मोडायचा नाही. नळीनं तो सगळा बंदोबस्त वळसा घालून पार केला.

रेवा_टी:
माहीत नाही काय केलं असतं. भाऊ म्हणत होता, त्या बाईला लगेच नाव कळवू. मी आणि आईनं तीन महिने थांबवलं त्याला. तेवढंच केलं.

चिंचेचं_झाड:
पन्नास वर्षं ज्यांनी तिला गप्प ठेवलं त्यांचा खासगीपणा जपायचाय, की तिचा?

अनामिक_२:
मी माझ्या आईबद्दल लिहितोय. घोषणा दुसरीकडं द्या.

उगाच_एक:
बापरे. मी आर१ए१ चं मागं घेतो. (घेत नाही, पण आज गप्प बसतो.)

बाणकोटी:
दोन दिवस आलो नाही. आत्याला फोन लावला होता, वय ९०. पणजीचं नाव सासरी सरस्वती, एवढंच तिला ठाऊक. माहेरचं नाव नाही. माहेर मुरुडचं की मुर्डीचं, यावरून आत्या आणि काका फोनवरच भांडले. माझ्या छापील पानावर मुरुड आहे, कशाच्या आधारावर लिहिलं ते मलाच आठवेना. चिंचताई, खूश व्हा.

म्हणून काही मी थुंकणार नाही. थुंकलो तरी पणजीचं नाव कळणार नाहीच.

जीवशास्त्र_मास्तर:
खरंय. आईकडची सरळ रेषा काढली तर येईल ‘एम’ हा मातृवंशाचा गट, जो निम्म्याहून जास्त भारताचा आहे. आणि बापाकडची पणजी असेल तर तोही तुमच्यात नाही.

मोडीवाला:
बाणकोटी, मुर्डी आणि मुरुड मोडीत घाईनं लिहिलेलं असेल तर चूक सहज होते. पानाचा फोटो पाठवा. सरळ काढा, अंगठा बाजूला ठेवून.

न्यूजर्सीची_काकू:
रेवा, पुढं काय झालं गं?

रेवा_टी:
मावशी बोलायला तयार नाही, फोटो मागितला फक्त. आला काल. केस सरळ आहेत. मावशी म्हणाली, माझेही लहानपणी सरळच होते.